मंगळवारी येणारी बाई

आंबिवली
११ फेब्रुवारी २०२५

चि. पायल,

जय भीम. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेऊन बसलेय. हसू नकोस. जन्मभर एसटीत तिकिटं फाडली, पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. तुझे पप्पा म्हणाले, लिही तू, मी कल्याणला जाऊन स्पीड पोस्टने टाकतो. मला पण पटलं. फोन काय, कोणीही बाजूला बसून ऐकतं. मराठी पत्र तिकडे फिनलंडात कोणाला वाचता येणार?

आता मुद्द्याचं. तुझ्या नंबरवरून मेसेज येतात, "सगळं ठीक आहे", आणि पुढे हात जोडलेलं चित्र. पायल, तू मला हात जोडणारी पोरगी आहेस का गं? हे मेसेज सुमितराव टाकतात, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. खोपट डेपोला माझ्या गाडीत खोटा पास घेऊन चढणारा माणूस मी पास न बघता ओळखायचे. पास खोटा असला की माणूस आधीच हसतो. तुझे मेसेज तसेच आहेत, कोणी काही विचारायच्या आधीच ठीक आहेत.

आणि ती मंगळवारी येणारी बाई. डिसेंबरात पहिल्यांदा दिसली, व्हिडिओ कॉलमध्ये तुझ्या मागून मोजे घालून चालत गेलेली, पिकल्या मक्यासारखे केस. मी विचारलं, कोण गं? तू म्हणालीस, मैत्रीण, हेली. पण मैत्रीण कधीही येते, दोन घास खाते, नवऱ्याची गाऱ्हाणी सांगते. ही बाई दर मंगळवारी येते, चहासुद्धा घेत नाही, आणि गळ्यात ओळखपत्र असतं. ओळखपत्र घालून मैत्रीण घरी येते का? तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

मग जानेवारीच्या शेवटी तू स्वतःच तिला माझ्यासमोर बसवलंस. मध्ये दुसऱ्या फोनवर तो हिंदी बोलणारा माणूस, ती बोलली की तो मला हिंदीत सांगणार, मी बोलले की तिला त्यांच्या भाषेत. तेव्हा कळलं की ही बाई तिकडच्या पालिकेची. मुलं वाढवणाऱ्या आईबापांना घरी जाऊन मदत करते म्हणे, आणि तेही फुकट! अगं, फुकटात कोण कोणाच्या दारात येतं? पोर व्हायच्या आधी सरकारने कपड्यांनी भरलेलं मोठं खोकं पाठवलं तेव्हाच मी तुला म्हटलेलं, आज देतायत, उद्या हिशोब मागतील. तू हसलीस. कृतिकाला त्याच खोक्यात झोपवलंस. मी आपली इथे गोधडी शिवत बसले.

त्या दिवशी मी त्या बाईशी दोन शब्द बोलले. परक्या माणसासमोर आपण जसं बोलतो तसंच बोलले. तू मध्येच उठून गेलीस आणि तेव्हापासून फोन बंद. मी असं काय बोलले? तूच सांग.

मला वाटतं, या बाईला सुमितरावांनी आणलंय. बायकोचं घरात लक्ष नाही अशी तक्रार केली असेल. पुरुषांचं काही सांगता येत नाही. बाहेरून गरीब गाय, आतून कारस्थानी. तू डोळ्यांत तेल घालून त्यांच्यावर लक्ष ठेव. फोनवर कोणाशी बोलतात, काय बोलतात, बघत जा.

आणि पोरीला बाबागाडीत घालून बाहेर बाल्कनीत का झोपवता? मी कॉलमध्ये बघितलंय. खिडकीच्या काचेपलीकडे बर्फ आणि तिथे माझी नात! ही पण त्या बाईचीच अक्कल असणार. चार महिन्यांचं पोर गं ते.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं तुझ्या बाळंतपणातच निघालं, नाहीतर मी तिथे असते आणि या बाईला दारातूनच पुढची गाडी पकडायला लावली असती. गुडघा आता बरा आहे. तू मेथीचे लाडू खाल्लेस का, ते कळव.

तुझी मम्मी


आंबिवली
१५ फेब्रुवारी २०२५

पायल,

कुठेतरी पाणी मुरतंय.

पप्पा पत्र टाकायला बुधवारी गेलेले. आणि काल शुक्रवारी त्यांच्या फोनवर फोटो आला. कृतिका बाल्कनीत, लोकरीच्या पिशवीत गळ्यापर्यंत, गाल लाल टोमॅटो, ढाराढूर झोपलेली. खाली लिहिलेलं, "इथे सगळीच मुलं बाहेर झोपतात, छान झोप लागते, काळजी करू नका."

मी बाल्कनीचं कोणालाच बोलले नव्हते, फक्त पत्रात लिहिलं होतं. फिनलंडला पत्र दोन दिवसांत पोचतं का? ठाण्याहून डोंबिवलीला पोचत नाही. म्हणजे माझं पत्र मध्येच कोणीतरी फोडून वाचलं आणि तुला कळवलं. पप्पांना विचारलं तर म्हणाले, "कांता, योगायोग असतो एखादा." आणि चष्मा पुसत बसले. माणूस काही लपवायचं असलं की चष्मा पुसतो. पण त्यांच्यावर काय संशय घ्यायचा, ते बिचारे रोज विहारात जातात, झाडू मारतात, पेपर वाचून घरी येतात. आजकाल जरा उशिराच येतात, एवढंच.

आणि एक. बाल्कनीचं उत्तर दिलंस, पण सुमितरावांवर लक्ष ठेव म्हटलं त्यावर एक शब्द नाही. म्हणजे जो कोणी पत्र वाचतोय तो तेवढं बरोबर गाळतोय. बघ, मी उगाच बोलत नाही.

काल गुडघ्याच्या व्यायामाला नौपाड्याला गेलेले. तिथली समृद्धी, तीच ती व्यायाम करून घेणारी, चांगली पोरगी आहे. तिला सहज विचारलं, काय गं, परदेशात सरकारी बाया घरी येऊन लहान पोरं बघतात, कशासाठी? तर तिने तिच्या फोनवर मला व्हिडिओ दाखवला. आपल्याकडचंच जोडपं, कुठल्याशा देशात. बाई हमसून हमसून रडतेय, तिचं पोर तिथल्या लोकांनी उचलून दुसऱ्या घरी दिलं. हाताने भरवलं म्हणून म्हणे, आणि आपल्या बिछान्यात घेऊन झोपली म्हणून. समृद्धी म्हणाली, "काकी, हे दुसऱ्या देशातलं आहे, आणि व्हिडिओत सगळं खरंच सांगतात असं पण नाही." मी म्हटलं, बाळा, तुला अजून पोर नाही, तुला नाही कळायचं.

तर आता मला सगळं उमगलं. ती बाई सुमितरावांनी आणलेली नाही. ती कृतिकासाठी येते. दर मंगळवारी येऊन बघते, घर कसं आहे, पोर कसं आहे, आई कशी आहे. एक दिवस म्हणेल, या आईला जमत नाही.

म्हणून आता मी सांगते तसं कर. ती यायच्या आधी केर काढ. फ्रीज भरलेला ठेव आणि तिच्यासमोर दोनदा उघड. कृतिकाला काजळ घालू नकोस. तेल लावलंस तर अंग पुसून घे, चिकट दिसायला नको. आणि मुख्य म्हणजे, पायल, तिच्यासमोर रडायचं नाही. काही झालं तरी नाही. बाथरूममध्ये जा, नळ सोड, रड आणि तोंड धुऊन बाहेर ये. मी एसटीत सगळ्यात वाईट दिवसांतसुद्धा पॅसेंजरसमोर डोळ्यांत पाणी आणलं नाही. लोकांना आपलं पाणी दिसलं की ते डोक्यावर बसतात.

उत्तर पाठव. पप्पांच्या फोनवर नको, माझ्या फोनवर.

मम्मी


आंबिवली
४ मार्च २०२५

पायल,

आज सुमितरावांचा फोन आला. गोड बोलले. तू बरी आहेस म्हणाले, झोपलीयेस म्हणाले. दुपारी झोपायची सवय तुला कधीपासून लागली? मग म्हणाले, हेली आता आठवड्यातून दोनदा येते.

दोनदा!

हे माझ्यामुळे झालं. मला माहीतये. मी त्या दिवशी काय बोलले ते तू ऐकलंस, तरी लिहिते. तिने विचारलं, बाळ कसं वाटतं तुम्हाला? आणि समोर कृतिका, दुधाची बाटली तोंडात, मांड्यांना वळ्या पडलेल्या, इतकी देखणी की माझीच नजर लागेल. आणि ही परकी बाई टक लावून बघतेय. मी पटकन बोलून गेले, "कुठे काय, सुकलीये नुसती. हाडं दिसायला लागलीत. दूध पुरत नाही वाटतं." मग तिने विचारलं, तुमची मुलगी कसं सांभाळते? मी म्हटलं, "तिला काय जमतंय! लग्न होईपर्यंत हातात ताट दिलंय मी तिला. तिला स्वतःचं करता येत नाही, पोराचं काय करणार?"

अगं, असंच बोलतात ना आपल्याकडे? पोर गुटगुटीत असलं की कोणी "काय छान आहे" म्हणायच्या आत आईच म्हणते, कसलं छान, खात नाही मेलं. तू इंजिनिअर झालीस तेव्हा मी बिल्डिंगमध्ये पेढे वाटताना काय म्हणत होते? झाली बाई कशीतरी पास. सगळ्यांना कळतं त्याचा अर्थ काय. पप्पा म्हणतात, आपल्या घरात दृष्टबिष्ट चालणार नाही, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. मी पण मानत नाही. पण जिभेला कोण समजावणार?

आणि तो मधला माणूस! त्याने जसंच्या तसं सांगितलं तिला. हिंदी माणूस ना तो, त्याला तरी कळायला नको?

आता ऐक. दार उघडू नकोस. पुढच्या वेळी ती आली की आतून कडी लाव, दिवे बंद कर, कृतिकाला छातीशी धर म्हणजे आवाज येणार नाही. वाटेल तितका वेळ बेल वाजवू दे. बाहेर गेलो होतो म्हणून सांगायचं. एकदा, दोनदा, तीनदा असं झालं की बाई आपोआप यायची बंद होईल. मी तुझी आई आहे, मी सांगते तसं कर. आणि नाहीच जमलं तर पोरीला घेऊन इकडे ये, नोकरीबिकरी गेली खड्ड्यात.

पप्पा आता लगेच निघालेत पोस्टात. मी त्यांना म्हटलं, जरा पळा.

मम्मी


आंबिवली
१२ मार्च २०२५

पायल,

हे पत्र मी पप्पांच्या हातात देणार नाही. मी स्वतः पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. निळ्या खुणा आल्या की मला कळेल तू वाचलंस. वाचून फोन फेकलास तरी चालेल.

काल मी तुझ्या पप्पांचा माग काढला. हो, काढला. चेकिंगवाले गाडीत चढतात तसं, आधी कोणाला कळू न देता. ते म्हणाले, "विहारात जाऊन येतो," आणि शर्टाच्या खिशात हात घालून काहीतरी चाचपलं. मी म्हटलं, जा. दहा पावलं पुढे जाऊ दिलं आणि मागून रिक्षा केली. रिक्षावाला विचारतो, "काकी, काय गडबड?" मी म्हटलं, तू रस्ता बघ.

विहाराच्या मागे सिमेंटचा बाक आहे ना, तिथे ते बसलेले. पाण्याच्या बाटलीला फोन टेकवून उभा केलेला. डोळ्यावर चष्मा, हातात माझं पत्र. चार तारखेचं. पोस्टात टाकायला मी त्यांना पळवलं होतं तेच. आणि ते तुला वाचून दाखवत होते!

मी कोपऱ्यावर उभी राहून ऐकलं. "तुझी मम्मी लिहिते, सुमितरावांचा फोन आला होता, गोड बोलले. मम्मी म्हणते, त्या दिवशी बोलले ते आपल्याकडे असंच बोलतात म्हणून बोलले, मनात तसं नव्हतं..." मग ते थांबले, पान उलटलं, आणि म्हणाले, "आणि मम्मी लिहिते, तब्येतीला जप, जेवत जा." असं मी कुठे लिहिलं होतं गं? मी कडी लाव म्हणून लिहिलं होतं!

माझा संताप झाला. मी पुढे गेले आणि म्हटलं, "अहो, लाज नाही वाटत? माझं पत्र कापून वाचताय?" पप्पा दचकले, बाटली पडली, फोन पडला. मी उचलला. त्यात तू होतीस. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, कृतिका खांद्यावर. किती दिवसांनी दिसलीस. मी म्हटलं, पायल. आणि तू फोन कापलास.

जन्मात मला कोणी असं गाडीतून उतरवलं नव्हतं.

मग मी तुझ्या पप्पांना नको नको ते बोलले. सगळेजण मिळून मला फसवताय, म्हटलं, जावई, मुलगी आणि आता नवरा पण. त्यांनी बोलू दिलं. ते असंच करतात, तुला माहीतये. माझं संपल्यावर म्हणाले, "कांता, ती बाई पायलनेच बोलावलीये."

मी म्हटलं, काय?

मग त्यांनी सगळं सांगितलं, ते तुला माहीत आहे, पण मला ते आता कळलंय म्हणून लिहिते. सुमितरावांनी नाही, सरकारने नाही, तू स्वतः फोन केलास. दिवस उजाडतच नाही असं वाटायचं तुला. कृतिका रडली की तुझ्या अंगाला घाम फुटायचा. एकदा तिला खोलीत ठेवून तू दार लावून घेतलंस, कारण तुझा तुझ्यावरच भरवसा राहिला नव्हता. सुमितराव कामावरून येईपर्यंत तू दाराबाहेर जमिनीवर बसून होतीस. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सला तू म्हणालीस, मला मदत पाहिजे. मग हेली यायला लागली. ती येते, कृतिकाला घेते आणि तुला झोपायला सांगते. तू उठलीस की तुझ्याशी बोलते. बस, एवढंच करते. आणि आता दोनदा येते ते पण तूच मागितलंस.

हे तू पप्पांना सांगितलंस आणि मला नाही. "मम्मीला सांगू नका, ती घाबरेल आणि मग ओरडेल." असं म्हणालीस ना? खरं आहे, मी ओरडलेच असते. पण आत कुठेतरी इतकं दुखलं, तुला काय सांगू. मी तुझी आई, आणि मला सोडून सगळ्यांना माहीत.

तरी पण मी ठीक होते. मग पप्पांनी शेवटचं सांगितलं. त्या बाईने तुला विचारलं होतं की तुझ्या बाजूचं असं कोणी आहे का, जे तुला सांगेल की तू चांगलं करतेयस? म्हणाली, माझं ऐकून तुला पटत नाही, तुझ्या माणसाकडून ऐकलं तर पटेल. आणि तू म्हणालीस, माझी मम्मी आहे. मम्मी खंबीर आहे, ती माझ्या बाजूने बोलेल. म्हणून तो दिवस ठरवला, म्हणून तो हिंदीवाला बोलावला. आणि मी काय बोलले? तिला काय जमतंय म्हणाले.

तू पप्पांना विचारलंस म्हणे, "तिला खरंच तसं वाटतं ना, पप्पा?"

पायल, मी त्या बाईची नजर लागू नये म्हणून बोलले गं. मला वाटलं मी तुझ्यावर पांघरूण घालतेय. तू तिकडे एकटी माझ्या तोंडाकडे बघत होतीस, हे मला दिसलं नाही. मला माफ कर असं लिहिणार होते, पण पत्रात लिहून काय होतंय? मी बोलले तिच्यासमोर, तर आता तिच्यासमोरच परत बोलायला पाहिजे.

मी पप्पांना विचारलं, कडी लाव म्हटलेलं का नाही वाचलंत? ते म्हणाले, "वाचलं असतं तर तिने लावली असती. तुझं ती अजून ऐकते."

मी सुमितरावांना फोन केला. त्यांच्याशी नीट बोलले, विचारून बघ. म्हटलं, मला त्या हेलीशी बोलायचंय, तोच मधला माणूस बोलवा. त्यांनी तुला विचारलं. तू म्हणालीस, बोलू दे, पण मी समोर बसणार नाही. बरं. नको बसूस.

मम्मी


आंबिवली
१९ मार्च २०२५

पायल,

काल बोलणं झालं. सुमितरावांनी तुला सांगितलं असेल, पण त्यांचं सांगणं म्हणजे पेपरातली बातमी, चार ओळीत आटोपतात. म्हणून मीच सांगते.

मी साडी नेसून बसले होते. पप्पांना बाहेरच्या खोलीत बसवलं, म्हटलं आज मध्ये मध्ये कापाकापी नको. कॉल लागला. हेली समोर, कृतिका तिच्या मांडीवर, तिच्या स्वेटरची बाही चोखत. मी आल्या आल्या विचारलं. उगाच गोल गोल कशाला? "आमची पोर नेणार का तुम्ही?" तो मधला माणूस जरा अडखळला. मी म्हटलं, भाईसाब, जैसा बोला वैसाच बोलो. त्याने विचारलं.

हेली हसली नाही, हे मला बरं वाटलं. ती म्हणाली, नाही. मी पायलने बोलावलं म्हणून येते, आणि तिने नको म्हटलं की यायचं थांबेन. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मला माणूस कळतो. खोटं बोलताना लोक जास्त बोलतात. ही एवढंच बोलली. तरी खरं सांगू का, अजून माझा पूर्ण भरवसा बसलेला नाही. सरकारी माणसावर एका दिवसात बसतो का? मी तिला विचारलं, पोरं आहेत का तुला? म्हणाली, दोन मुलगे, आता मोठे झाले. नवरा? नाही, सोडला. काय गं बाई. मग तू एकटीने वाढवलीस? हो, म्हणाली, पण माझी आई बाजूच्याच गल्लीत होती.

मग मी म्हटलं, मागच्या वेळी मी बोलले ते खोडायचंय. आमच्याकडे परक्यासमोर आपल्या पोराला चांगलं म्हणत नाहीत. पोर जितकं चांगलं तितकं आई त्याला नावं ठेवते. हे ऐकून तो हिंदीवाला हसायला लागला, म्हणतो, "जी, मेरी अम्मी भी मुझे आज तक नालायक ही बोलती हैं." हेलीने विचारलं, काय झालं? मग त्या बिचाऱ्याला ते पण तिला सांगावं लागलं. मग ती पण हसली. कृतिका पण हसली, तिला काय कळलं देव जाणे. पप्पांना सांगू नकोस मी देव म्हटलं ते.

आणि मग बोलायची वेळ आली. पायल, तू म्हणशील मम्मी नाटक करते, पण माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मी भर गाडीत दारू प्यायलेल्या माणसाची कॉलर धरून खाली उतरवलंय, पण हे जमेना. तो माणूस दोनदा म्हणाला, "जी, बोलिए." शेवटी मी डोळे मिटले आणि बोलले. काय बोलले ते सगळं लिहिते, कारण तू समोर नव्हतीस.

मी म्हटलं, कृतिका छान भरलीये. गाल बघा, मांड्या बघा. हे तिच्या आईने केलंय. तिथे तिच्या हाताशी सासू नाही, आई नाही, शेजारीण नाही, वरून अंधार आणि बर्फ. तरी पोर एक दिवस उपाशी राहिली नाही. आणि माझी मुलगी घाबरली तेव्हा तिने ते लपवलं नाही. तिने पोरीला सुरक्षित ठेवलं, स्वतः दाराबाहेर बसली आणि दुसऱ्या दिवशी मदत मागितली. मी तिला शिकवलं होतं, नळ सोड आणि रड. तिने माझं ऐकलं नाही. बरं केलं. मला ते जमलं नसतं. पायल चांगली आई आहे. माझी पोरगी लई चांगली आई आहे.

हेलीने डोळे पुसले. मी म्हटलं, हे तुमच्या ऑफिसात सांगितलंत तरी चालेल.

मग मी विचारलं, ती आहे कुठे? तर म्हणाली, आतल्या खोलीत झोपलीये, गाढ झोपलीये, बऱ्याच दिवसांनी अशी झोप लागलीये. मग म्हणाली, "उठवू का तिला? हे तिने तुमच्या तोंडून ऐकायला पाहिजे."

माझ्या तोंडात हो आलेलं. फोन कापलास त्या दिवसापासून तुझा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तू उठली असतीस, समोर आली असतीस, मी सगळं परत बोलले असते, रडले पण असते तुझ्यासमोर.

मी म्हटलं, नको. झोपू दे तिला. तुम्ही बसा तिच्यापाशी.

तुझी मम्मी